आधी तपासणी, मग पोहे

सौंसरला लग्न जमवायला बसलेली माणसं दोन गोष्टींना भ्यायची, एक विजेला आणि दुसरी मेश्राम मॅडमना. वीज ऐन कार्यक्रमात जायची आणि मॅडम ऐन बैठकीत यायच्या. बोलावणं असो की नसो, कुठे मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे हे त्यांना कळायचंच. निम्मा तालुका त्यांचा विद्यार्थी होता, कोणीतरी सांगायचंच. त्या यायच्या, खुर्ची ओढून बसायच्या आणि पोह्यांची बशी हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, "दोघांची सिकलची जांच झाली का?"

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि राहायचेही त्यांच्या शेजारी. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. त्यामुळे मॅडमबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं शाळेतलं आणि निम्मं भिंतीवरून ऐकलेलं आहे. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं. जीवशास्त्राच्या बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, त्याला भिंत काय अडवणार?

आमच्या भागात सिकलसेल नवा नाही. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो थोडाथोडा असला तर त्यांना स्वतःला काही होत नाही, हिंडतात, फिरतात, कामं करतात. पण त्यांचं मूल आजारी जन्मू शकतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, साधा ताप जिवावर बेततो. मॅडमचा धाकटा भाऊ असाच लहानपणी गेला. त्याचे हातपाय सुजायचे, तो रडायचा आणि घरचे वात आहे म्हणून बिब्बा घालायचे. त्या दुखण्याचं नाव मॅडमना कळलं ते कॉलेजात गेल्यावर. तेव्हापासून त्यांनी ते कोणाला विसरू दिलं नाही.

अंगाने हडकुळ्या, उंच, चष्मा दोरीने गळ्यात. बसमध्ये शेजारणीच्या कडेवर लेकरू दिसलं की न विचारता त्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायच्या. लेकरू भोकाड पसरायचं, आई चिडायची. मॅडम शांतपणे सांगायच्या, "पांढरं दिसून राहिलं. डॉक्टरले दाखव." त्यांना 'ठीक आहे' हे उत्तर चालत नसे. "लेकरू कसं आहे?" "ठीक आहे." "ठीक म्हंजे काय? ताप हाय का? पाणी पिते का? लघवी झाली का?" माझ्या घरी पाहुणे आलेले असताना त्यांनी भिंतीवरून हे सगळं माझ्या नातवाबद्दल विचारलेलं आहे, ठणठणीत नातवाबद्दल.

रामाकोन्याच्या एका बैठकीला मी स्वतः होते. पोहे आले, मुलगी आली, सगळं छान चाललं होतं. मॅडमनी आपला प्रश्न टाकला. मुलाच्या मामाचं डोकं फिरलं. "मॅडम, शुभ कामात हे काय काढता?"

"शुभ हाय म्हणूनच विचारून राहिली. मयतीत विचारू का?"

तपासणी झाली आणि दोघांच्याही रक्तात निघालं. लग्न मोडलं. आठवड्याभरात मुलीची आई मॅडमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. म्हणाली, "तुमच्या घरात असं होईन न, तवा तुम्हाले कळन." मॅडम म्हणाल्या, "होईन त होईन. उन्हात नका उभ्या राहू, आत या." बाई आल्या नाहीत. मॅडम शाळेत गेल्या आणि नेहमीसारखा तास घेतला. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण लोकांच्या बोलण्याचं वाईट वाटून घ्यायला त्यांना वेळ नव्हता.

वर्गात त्या फळ्यावर एक चौकोन काढायच्या आणि त्याची चार घरं करायच्या. दोघांच्या रक्तात सिकल असला तर एक घर निरोगी मुलाचं, दोन घरं आईबापासारख्या मुलांची आणि चौथं घर आजारी मुलाचं. त्या चौथ्या घरात खडूने रेघा मारायच्या, खडू तुटेपर्यंत. "चारात एक म्हंजे किती, ते या घरातल्या लेकराले विचारा," म्हणायच्या. त्या वर्गात एक वर्ष त्यांचा मुलगा निखिलही बसला होता.

निखिलचं लग्न ठरलं ते त्याचं त्यानेच ठरवलेलं. मुलगी पांढुर्ण्याची, प्रणिता नावाची, बोलकी. मॅडमचे यजमान केव्हाच गेले होते, घरात मायलेक दोघंच. मॅडमनी विचारलं, "जांच?" निखिल म्हणाला, "झाली, आई. तू टेंशन नको घेऊ." आणि अख्ख्या तालुक्याला रिपोर्ट दाखव म्हणणारी बाई पोराच्या शब्दावर राहिली. रिपोर्ट मागितला नाही. त्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरून पेढा दिला आणि इतक्या हसल्या की मला ओळखू येईनात.

पिहू झाली तेव्हा मॅडम नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पोरगी बसायला लागली आणि एका सकाळी तिचे दोन्ही हात सुजले. बोटं लाडवासारखी झाली होती. प्रणिताची आई आलेली होती. ती म्हणाली, "दात येऊन राहिले म्हणून होते असं." मॅडमनी पिहूचा हात आपल्या हातात घेतला, मग पाय बघितले आणि तिथेच जमिनीवर बसल्या. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. निखिलला बोलावलेलं मला ऐकू आलं.

"जांच काय आली होती तुमची?"

प्रणिताच म्हणाली, "दोघांची सारखीच आली होती, आई. दोघांतबी थोडंथोडं."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू लग्न होऊ दिलं असतं का?" निखिल म्हणाला.

"नाही."

"म्हणूनच न. तूच त शिकवलं होतं. चारातली तीन घरं त चांगली हायत न, आई."

वाळत घातलेले कपडे मी पुन्हा काढून पुन्हा घातले.

नातेवाईक यायला लागले. मॅडमच्या जाऊबाईंनी सुनेसमोरच सांगून टाकलं की पोरीच्या माहेरचं रक्तच खराब. मॅडम म्हणाल्या, "अर्धं माझ्या माहेरचं, माझ्या भावाचं हाय. खराब म्हणायचं त आधी मले म्हणा." जाऊबाई चहा न घेता गेल्या. पण याचा अर्थ मॅडमनी सुनेला माफ केलं असा नव्हता. तिच्याशी त्या कामापुरतं बोलत, वर्गातल्या मॉनिटरशी बोलावं तसं.

"रक्त आपल्या हातात नाही, कुंदाबाई," त्या मला म्हणाल्या. "घर हाय." आणि त्यांनी घर हातात घेतलं. औषधाची वेळ कधी चुकली नाही. पाणी सारखं पाजायचं, थंडी लागू द्यायची नाही, तापाची कणकण आली की नागपूरची बस पकडायची. हे सगळं योग्यच होतं, डॉक्टरही मान डोलावत. पण मॅडम तिथे थांबल्या नाहीत. खिडक्या बंद झाल्या. सर्दी झालेल्याला फाटकातूनच परत पाठवू लागल्या. गल्लीतली पोरं अंगणात येईनाशी झाली. पिहूला मातीत सोडायचं नाही, कोणी कडेवर घ्यायचं नाही. रोज सकाळी मॅडम तिच्या डाव्या फासळीखाली बोटं दाबून तिल्ली, म्हणजे प्लीहा, वाढली का ते चाचपायच्या. या आजारात लहान लेकराच्या तिल्लीत एकदम रक्त साचतं आणि बघता बघता मूल पांढरं पडतं, म्हणून ते फार महत्त्वाचं. ते काम त्यांनी प्रणिताला कधी करू दिलं नाही. "माझ्या बोटाले सवय हाय," म्हणत.

आणि लाडेलाडे बोलणं तर त्यांना कधी जमलंच नाही. पिहूशी त्या तपासायला आलेल्या साहेबासारख्या बोलायच्या. प्रणिता मुळात बोलकी, पण त्या घरात तीही गप्प झाली होती. पिहू तीन वर्षांची व्हायला आली तरी बोट दाखवायची आणि दोनचार शब्दांवर काम भागवायची. भिंतीपलीकडून मी टाळी वाजवली तर आजीच्या मागे लपायची. मला त्या पोरीकडे बघवत नसे.

प्रणिता आणि मीही सोबत होतो तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "आजाराची काळजी तुम्ही उत्तम घेतली आहे. पण ही बोलत नाही ते आजारामुळे नाही. घरी ही कोणाशी खेळते?"

"इन्फेक्शन झालं त?" मॅडम म्हणाल्या.

"ते आपण सांभाळू. पण या वयात तिला माणसं लागतात. तेही औषधच समजा."

घरी आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "त्या डॉक्टरणीले काय जाते बोलाले? ताप आला त ती येते का इथं?"

पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं प्रणिताने ऐकलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तिने पिहूला कडेवर घेतलं आणि गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत नेलं. परत आली तेव्हा मॅडम फाटकात उभ्या होत्या.

"हे लेकरू माझ्या हातानं जगलं हाय, प्रणिता."

"जगलं, आई. मी कुठं नाही म्हणून राहिली? पण ते वाढून नाही राहिलं."

भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत. हे वेगळं होतं, कारण दोघींचंही खरं होतं आणि दोघीही एकाच लेकरासाठी जीव टाकत होत्या. त्यानंतर पिहू रोज अंगणवाडीत जायला लागली आणि मॅडम रोज ती येईपर्यंत ओट्यावर बसून राहायच्या. मधे एकदा सर्दी झाली, ताप आला, नागपूरला नेलं. मॅडमनी सुनेकडे असं बघितलं की तिने दोन दिवस मान वर केली नाही. ताप उतरल्यावर मात्र तिने पिहूला पुन्हा नेलं. त्या पोरीच्या हिमतीचं मला आश्चर्य वाटतं.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं नटून थटून लाकडी बैल ओढत जातात, घरोघरी त्यांना खाऊ मिळतो. अंगणवाडीची मुलं निघणार होती. मॅडम म्हणाल्या, गर्दी, उकाडा, कोणाच्या हातचं काहीबाही खाणं, पिहू जाणार नाही. प्रणिता म्हणाली, जाईल. मॅडमनी पिशवी भरली आणि पोळ्याच्या दिवशीच पांढुर्ण्याला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "मी नसली म्हंजे समजन."

दुसऱ्या दिवशी पिहूने बैल ओढला. मी बघितलं. घामाने चेहरा ओला, हातात कोणीतरी दिलेली करंजी, आणि इतर पोरांच्या बरोबरीने ओरडत होती. प्रणिता माझ्याकडे बघून हसली. दुपारी ती धावत भिंतीपाशी आली, चेहरा उतरलेला. "काकू, पिहू म्हणते, इथं जड हाय." तिने स्वतःच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून दाखवला.

मी मॅडमना फोन लावला. पांढुर्ण्यात त्या दिवशी गोटमार, दोन गावांच्या दगडफेकीची दरवर्षीची जत्रा. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, दोन्हीकडून दगड चालू. पोलीस, अडवलेले रस्ते, बंद झालेल्या बसेस. मॅडमचा आवाज गोंगाटातून येत होता. मी फोन प्रणिताच्या कानाला लावला, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

"डाव्या फासळीखाली बोटं ठेव. हळू. काय लागते?"

"मले नाही समजत, आई. मी कधी पाह्यलंच नाही."

मग आवाज आला, पण तो वर्गातला नव्हता. "समजते. तुयं लेकरू हाय. दाब थोडं. मऊ हाय का कडक?"

"कडक."

"बोटभर का तळहाताएवढं?"

"तळहात."

"ओठ पाह्य."

प्रणिताने बघितलं आणि पिहूला उचलून घेतलं. मी फोन ओढून सांगितलं, "पांढरे आहेत, मॅडम."

"निघा. बसची वाट नका पाहू. मी रेल्वेनं येते."

संत्र्यांच्या व्यापाराचं काम करणाऱ्या शेजाऱ्याने गाडी काढली. निखिल कारखान्यातून थेट नागपूरला निघाला. मागच्या सीटवर पिहू आईच्या मांडीवर, तिचे पाय माझ्या मांडीवर. पाय गार पडत होते. प्रणिता तिला झोपू देत नव्हती. "पिहू, सांग न, बैल कोणत्या रंगाचा?" "लाल." "कोण होतं तुह्यासंगं?" "सोनू." सावनेर येईपर्यंत उत्तरं येत होती. मग उशिरा यायला लागली. मग एका प्रश्नाला उत्तरच आलं नाही आणि प्रणिताने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्याने आरसा फिरवून दुसरीकडे केला. त्या रस्त्यावरून मी आयुष्यभर गेले आहे, पण त्या दिवशीसारखा लांब तो कधीच वाटला नाही.

हॉस्पिटलात लगेच रक्त चढवायला घेतलं. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. निखिल उभाच होता. बऱ्याच वेळाने मॅडम आल्या. साडीचा काठ चिखलाने माखलेला, चष्म्याची दोरी तुटलेली, तो हातात धरलेला. आधी त्या आत गेल्या, डॉक्टरांशी बोलल्या, पिहूला बघून आल्या. म्हणाल्या, "ओठाले रंग येऊन राहिला." आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या.

प्रणिता उठली. रडून तिचे डोळे सुजले होते. "बोला न, आई. एकदाचं बोलून टाका. मीच नेलं तिले."

"तिनं सांगतलं तुले?" मॅडमनी विचारलं. "स्वतःहून?"

"हाव. म्हणाली, मम्मी, इथं जड हाय."

"जड म्हणाली?"

"अंगणवाडीत शिकवतात न. डबे उचलायला लावतात लेकराइले. हा जड, हा हलका."

मॅडम बाकावर बसल्या. डोकं खाली घातलं. "मी घरात ठेवली असती," त्या म्हणाल्या, "त ती नुसती रडली असती. आन् मी ताप पाहत बसली असती." मग त्यांनी हात पुढे केला. प्रणिताला आधी कळलंच नाही, मग तिने तो धरला.

पिहू वाचली. तिचा आजार तसाच राहिला, तो जाणारा नव्हताच. पण त्या घराच्या खिडक्या उघडल्या. मॅडमनी प्रणिताचा हात आपल्या हाताखाली धरून तिला तिल्ली चाचपायला शिकवलं. अंगणात पोरं यायला लागली. पाणी, औषध, गरम कपडे यात सूट नव्हती, आणि मॅडम अजूनही पोरांच्या पापण्या ओढायच्याच. पिहू मात्र अशी बोलायला लागली की थांबेना. इतक्या दिवसांचं साठलेलं असेल. मला भिंतीवरून दिवसाला शंभर प्रश्न, आणि मॅडमना त्याहून जास्त.

हॉस्पिटल जवळ पडावं म्हणून त्यांनी नागपूरला राहायला जायचं ठरवलं. निघायच्या आधी मी सहज भेटायला गेले. ओट्यावर एक मुलगा आणि मुलगी बसले होते. लग्न ठरल्यातच जमा होतं, तपासणीत दोघांच्याही रक्तात निघालं होतं. मॅडमनी त्यांना नेहमीसारखं स्पष्ट सांगितलं. मुलगी डोळे पुसत उठली. ते फाटकातून बाहेर पडेपर्यंत पिहू पायरीवर बसून बघत होती.

"आजी, ते काऊन रडून राहिले?"

"त्यांचं लग्न नाही होत म्हणून."

"काऊन नाही होत?"

"त्यांच्या लेकराले दुखणं होईन म्हणून."

"माह्यासारखं?"

"हाव."

पिहूने थोडा विचार केला. "मंग तुले बी मी नव्हती पाहिजे?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मॅडमनी हाताने थांबवलं. त्यांनी आयुष्यात कोणाला गोड बोलून फसवलं नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत बघून त्या बोलल्या.

"तू यायच्या आधी मले कोणी विचारलं असतं, त मी नाही म्हटलं असतं."

"आन् आता?"

"आता माह्या जिवाले दुसरं काहीच नाही पाहिजे. तूच पाहिजे."

पिहूला ते पटलं असावं. ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मोठ्याने सांगू लागली, "मम्मी, आजीले आधी मी नव्हती पाहिजे. आता पाहिजे."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग आतून प्रणिताचा आवाज आला, हसू दाबलेला. "आजीले त आधी मी बी नव्हती पाहिजे, बापा."

मॅडमनी डोळे उघडले, दाराकडे तोंड केलं आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ते बी खरं हाय."